पॅसेज वेस्टचे रोमन

सुलेखा देवस्थळीला खोटं बोलता येत नाही, असं तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे म्हणत. सासरी जरा वेगळ्या सुरात म्हणत. खरं तर तिला खोट्याचा कंटाळा यायचा. ते एकदा बोललं की लक्षात ठेवावं लागतं, त्याची निगा राखावी लागते, आणि निगा राखायची कामं तिला नोकरीत भरपूर होती. कॉर्कच्या बंदराजवळ एका औषधांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. गोळीत जे असायला हवं ते आहे ना, आणि नसायला हवं ते नाही ना, एवढं पाहायचं आणि सही करायची.

मिरजेहून ती एम.एस्सी. करायला कॉर्कला आली आणि राहिली. लग्न झालं, दिलीप मागोमाग आला, साक्षी इथेच झाली. पॅसेज वेस्ट नावाच्या खाडीकाठच्या गावात चढावरचं एक जोडघर त्यांनी घेतलं. साक्षी आता अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र कॉर्कच्या हेलात इंग्रजीतून यायचं.

शेजारच्या अर्ध्या घरात मॉसी कॉटर राहायचा. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मागच्या बागेत बटाट्याचे वाफे. मॉसी हे मॉरिसचं इथलं लाडकं रूप. पण सुलेखाच्या आईने ते मिरजेत फोनवर ऐकलं आणि दर रविवारी ती ‘त्या शेजारच्या मौसीला माझा नमस्कार सांग’ म्हणू लागली. मौसीला मिशा आहेत, हे सुलेखाने तिला स्पष्ट सांगितलं होतं. आई म्हणाली, “असतात काहींना.”

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. दिलीप वरच्या लहान खोलीत लॅपटॉप घेऊन बसला तो बसलाच. सुलेखाचा कारखाना बंद होणं शक्य नव्हतं. ती रोज रिकाम्या रस्त्याने जायची, यायची. सत्तरी ओलांडलेल्यांनी घराबाहेर पडू नये, असं सरकारने सांगितलं. त्याला नाव दिलं ‘ककूनिंग’, म्हणजे कोशात बसणं. मॉसी चौऱ्याहत्तरचा. दोन्ही बागांच्या मधे छातीएवढी भिंत होती, तिच्या पलीकडून तो म्हणाला, “कोशातून फुलपाखरू निघतं म्हणतात. माझ्या वयात काय निघणार?”

सुलेखाने विचार करून सांगितलं, “बहुतेक तुम्हीच.”

हे उत्तर त्याला आवडलं. तेव्हापासून दर शनिवारी ती त्याचं सामान आणून फाटकापाशी ठेवू लागली. दूध, पाव, चहा, रॅशर्स म्हणजे डुकराच्या मांसाचे खारवलेले काप, आणि ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज, ज्यात गोड असं काहीच नसतं. सुलेखाचं घर शाकाहारी, इतकं की अंड्यालाही वेगळी कढई होती. पण दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे यावर मत द्यायचं तिचं काम नव्हतं.

नाण्यांची भानगड साक्षीच्या शाळेपासून सुरू झाली. घरून करायला रोमन लोकांवरचा एक प्रकल्प आला, त्यात रोमन नाण्याचं चित्र चिकटवायचं होतं. साक्षीने नेटवरचं एक चित्र छापून घेतलं. सुलेखाने ते हातात घेऊन विचारलं, “हे नाणं खरं आहे कशावरून?”

“मॅम, इट्स ओन्ली अ पिक्चर,” साक्षी म्हणाली. मॅम म्हणजे इथल्या भाषेत आई.

इथे कुणीही थांबलं असतं. सुलेखाने इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे चौकशी केली, कागदपत्रं रीतसर आहेत का ते पाहिलं, आणि न धुतलेली रोमन नाणी मागवली. पाकिटातून मूठभर मातीचे खडे निघाले. सोन्याचांदीचं त्यात काही नव्हतं. ही ब्राँझची नाणी, बाजारहाटाची, जी देऊन कुणी पाव आणि कांदे घेतले असतील अशी. सोळा-सतराशे वर्षं जमिनीत राहून ती जमिनीसारखीच झाली होती.

साफ करायची रीत तिने वाचून काढली. काचेच्या बरणीत डिस्टिल्ड वॉटर घालून त्यात नाणी भिजत ठेवायची, काही दिवसांनी पाणी बदलायचं, मऊ ब्रशने घासायचं, टोकदार काडीने माती हळूहळू सोडवायची. ब्राँझवर काळाने धरलेली हिरवट साय असते, तिला धक्का लावायचा नाही. चित्र असतं ते त्या सायीतच. साय गेली की चित्रही गेलं. प्रत्येक नाण्याचा आधी फोटो, नंतर फोटो. बरण्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत ‘प्रेस’मध्ये, डाळींच्या शेजारी. साक्षीने मैत्रिणीला फोनवर सांगितलं की आमच्या प्रेसमध्ये सम्राट भिजत घातलेत.

एकेक नाणं उजेडात येऊ लागलं तसं सुलेखाच्या ध्यानात आलं की सगळ्यांची मांडणी सारखीच आहे. एका बाजूला राजा, आणि दुसऱ्या बाजूला राजाचं म्हणणं. बहुतेक राजांचं म्हणणं असं की सगळं ठीक आहे. एका नाण्यावर दोन शिपाई, मधे दोन निशाणं, भोवती अक्षरं: सैन्याचा गौरव. काही वर्षांनी तेच नाणं आकाराने लहान झालं, तेव्हा दोन शिपायांत एकच निशाण ठेवलं, गौरव तेवढाच. एकावर लांडगीचं दूध पिणारी दोन बाळं. एकावर पंखवाली विजयदेवी हातात माळ घेऊन लगबगीने निघालेली. आणि एकावर शिपाई एका घोडेस्वाराला भाल्याने भोसकतोय, स्वार घोड्यावरून कलंडतोय, भोवती लिहिलंय: सुखाचे दिवस परत आले.

“त्या घोड्यावरच्याला विचारलं का?” दिलीपने चहा घेता घेता म्हटलं.

सुलेखाला असले प्रश्न महत्त्वाचे वाटत नव्हते. यादीतल्या चित्राशी हातातलं चित्र जुळलं, अक्षरं जुळली, की तिच्या मते काम झालं.

एप्रिलच्या शेवटी दिलीपला मटकी भिजत घालायची होती आणि बरणी सापडेना. प्रेसमध्ये एक होती, तळाशी तपकिरी पाणी. त्याने ती मागच्या दारी नेली आणि पाणी भिंतीवरून मॉसीच्या वाफ्यात ओतलं. मातीचं पाणी मातीला जावं, असा त्याचा साधा हिशेब. संध्याकाळी सुलेखाला एक नाणं कमी दिसलं.

“त्यात नुसतं पाणी होतं,” दिलीप म्हणाला.

“तू पाहिलंस?”

“पाण्यात काय पाहायचं?”

तिने सिंकखालची नळी उघडून पाहिली, कचरा चाळला. सापडलं नाही. पाणी भिंतीवरून गेलं हे दिलीपने सांगितलं नाही. तिने तसं विचारलंच नव्हतं.

जूनमध्ये मॉसीने पहिले बटाटे उकरायला घेतले. शनिवारी सुलेखा पिशवी ठेवायला गेली तर तो भिंतीपाशी वाट पाहत उभा. तळहातावर एक हिरवट नाणं. पावसाने माती धुऊन काढली होती आणि राहिलेली त्याने हलक्या हाताने, म्हणजे त्याच्या मानाने हलक्या हाताने, शर्टाला पुसली होती. नाण्यावर विटांची एक इमारत, वर दोन बुरूज, बुरुजांमधे एक चांदणी.

“डबलडेकर बस समोरून दिसते तशी आहे,” मॉसी म्हणाला. “पण मागच्या बाजूला युअर मॅन बघ. डोक्यावर माळ. हा रोमन आहे, सुलेखा. माझ्या बटाट्यांत रोमन आहे.”

कॉर्कमध्ये ‘युअर मॅन’ म्हणजे आपला कुणी नव्हे, कुणीही तिसरा माणूस. हे समजायला सुलेखाला इथे आल्यावर एक वर्ष लागलं होतं. तिने नाण्याकडे पाहिलं. कडेला चंद्रकोरीएवढा टवका गेलेला होता. तो टवका तिने पाहिलेला होता. पण फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही ही तिची रीत, म्हणून ती “छान आहे” एवढंच म्हणाली आणि घरी आली. फोटोशी ताडून पाहिलं. टवका तोच.

“दिलीप, ते पाणी तू कुठे ओतलंस?”

दिलीपने खिडकीतून भिंतीकडे पाहिलं. तेवढं पुरेसं होतं.

ती परत गेली तेव्हा मॉसी फोनवर होता. रोमन लोक आयर्लंडवर चालून कधी आलेच नाहीत, त्यामुळे इथे रोमन नाणं सापडणं ही मोठी बातमी असते, आणि जमिनीतली जुनी वस्तू सापडली की संग्रहालयाला कळवावं लागतं. मॉसीने डब्लिनला कळवूनही टाकलं होतं. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो गेला होता. खाटकाने त्याला ‘सीझर’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली होती.

“नोरा म्हणायची, या बागेत काहीतरी आहे,” फोन ठेवून तो म्हणाला. “मी म्हणायचो, गोगलगाई.” आणि त्याने तोंड फिरवलं. नोरा म्हणजे त्याची बायको. सुलेखाने तिला शेवटचं पाहिलं होतं ते याच भिंतीपाशी, कपडे वाळत घालताना.

ती काही न बोलता घरी आली. तिच्या आयुष्यात असं सहसा झालं नव्हतं.

“राहू दे ना,” दिलीप म्हणाला. “कुणाचं काय बिघडतंय? म्हातारा खूश आहे.”

“चुकीच्या निकालावर खूश आहे.”

“मग तू सांगणारेस?”

“सांगणार आहे.”

पण सांगणं होईना. संग्रहालयातून मॉसीला निरोप आला की प्रवासाला परवानगी मिळाली की आमचं माणूस येईल, तोवर जागा उकरू नका. मॉसीने वाफ्याभोवती दोरी बांधली. पहिल्या खेपेला सुलेखा गेली तेव्हा तो दोरी बांधत होता. दुसऱ्या खेपेला तो शेजारच्या गल्लीतल्या दोघांना लांबून जागा दाखवत होता आणि रोमन गलबत खाडीत कुठवर आलं असेल ते हाताने सांगत होता. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, “तू शास्त्रज्ञ आहेस. तुला काय वाटतं, एक आलं म्हणजे आणखी असतील ना?” सुलेखा म्हणाली की एकावरून निष्कर्ष काढता येत नाही. हे खरं होतं. पण विचारलेल्याचं ते उत्तर नव्हतं.

जुलै दमट निघाला. बटाट्यावर करपा पडण्याचा इशारा रेडिओवर आला. आयर्लंडमध्ये बटाट्यावरचा करपा हा चेष्टेचा विषय नाही. एकोणिसाव्या शतकात या एका रोगापायी इथली लाखो माणसं उपासमारीने मेली आणि आणखी लाखो जहाजांत बसून देश सोडून गेली. मॉसीच्या वाफ्यातली पानं आधी डागाळली, मग काळी पडली. तो दोरीबाहेर उभा राहून बघायचा. उकरायचं नाही म्हणजे नाही. शब्द दिला होता.

डब्लिनहून संग्रहालयाच्या बाई आल्या त्या दिवशी सुलेखाने रजा घेतली. बाईंनी मास्क लावून नाणं भिंगातून पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं, माती बोटांत चुरून पाहिली, आणि त्या काही बोलणार तेवढ्यात सुलेखा भिंतीपाशी आली. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात फोटो.

“हे नाणं माझं आहे,” ती म्हणाली. “इंग्लंडमधून विकत घेतलेलं. एप्रिलमध्ये आमच्याकडून या वाफ्यात पडलं. हा आधीचा फोटो. कडेचा टवका बघा.”

बाईंनी टवका पाहिला. “कागदपत्रं आहेत?”

“आहेत.”

“बरं झालं सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “मला शंका होतीच, पण शंकेवर मला आणखी दोन महिने काढावे लागले असते.” आणि त्यांनी वहीत काहीतरी खोडलं. त्यांना राग आलेला दिसला नाही. बहुधा या धंद्यात असं होत असावं.

मॉसीने विचारलं, “तुला केव्हापासून माहीत होतं?”

“सापडलं त्याच दिवसापासून.”

“ग्रँड,” मॉसी म्हणाला आणि आत गेला.

इथे ग्रँड म्हणजे ठीक, चालेल, काही हरकत नाही. कधी कधी ग्रँडचा अर्थ यापैकी काहीच नसतो. दुसऱ्या दिवशी त्याने वाफा उकरला. बटाटे हातात घेताच विरघळत होते. ते त्याने पोत्यात भरले आणि वाफा नांगरल्यासारखा साफ केला, एकदाही भिंतीकडे न बघता.

त्या शनिवारी सुलेखाने नेहमीसारखी पिशवी त्याच्या फाटकाशी ठेवली. संध्याकाळी ती तिच्या फाटकाशी परत आलेली होती, जशीच्या तशी. पुढच्या शनिवारीही तेच. दिलीप म्हणाला, आता आणू नकोस. सुलेखा म्हणाली, त्याने आणू नकोस असं म्हटलेलं नाही. दूध-पाव घरात खपलं. रॅशर्सचं काय करायचं हा प्रश्न होता, कारण अन्न टाकायचं नाही हाही त्या घरचा नियम होता. एके दिवशी साक्षीने युट्यूब बघून ते तळले, अंड्याच्या कढईत. पुढच्या आठवड्यात दिलीपने चव पाहिली, फक्त मीठ जास्त आहे का ते कळावं म्हणून. त्यानंतर दर आठवड्याला त्याला मिठाबद्दल शंका येऊ लागली.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा सगळं बंद झालं. एका दुपारी सुलेखा मागच्या अंगणात टेबल टाकून नाणी घासत होती. पाऊस नव्हता, म्हणजे पडून गेला होता. भिंतीवर मॉसीचं डोकं दिसलं.

“माझ्या रॅशर्सचं काय करता तुम्ही?”

“साक्षी खाते.”

“एवढे सगळे?”

“काही दिलीप खातो.”

“तो शाकाहारी आहे ना?”

“होता.”

मॉसीने भिंतीवर कोपर टेकले. “आणि पुडिंग?”

“त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. फ्रीझरमध्ये आहे. सगळं.”

“ते मला परत दे,” तो म्हणाला. मग टेबलावरच्या नाण्यांकडे बघून, “ती इमारत कसली होती?”

ते तिने सांगितलं. राजाच्या छावणीची वेस असावी, सरहद्दीवरची. भोवतीच्या अक्षरांचा अर्थ, सम्राटांची दूरदृष्टी. म्हणजे आम्ही पुढचं पाहून तटबंदी करून ठेवली आहे, तुम्ही निवांत झोपा.

“दार दिसलं नाही मला.”

“बहुतेक नाण्यांवर दार नाहीच. काही जण म्हणतात ही वेस नसून मशाल पेटवून इशारा द्यायचा बुरूज आहे. नक्की कुणालाच माहीत नाही.”

“तुलाही?”

“मलाही नाही.”

हे ऐकून मॉसीला बरं वाटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीच्या त्याच्या बाजूला खुर्ची आणून ठेवली, आणि सुलेखाने भिंतीवर एक बरणी. ब्रश त्याचा त्याने आणला; तो फार कडक निघाला, आणि पहिल्याच नाण्याचा राजा त्याने नाकासकट घासून टाकला. सुलेखाने नाणं बाजूला ठेवलं आणि त्याला मऊ ब्रश दिला. पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या हातून बरेच राजे गेले.

पण त्याचं बघणं वेगळं होतं. माळ घेऊन निघालेल्या विजयदेवीकडे बघून तो म्हणाला की हिची बस चुकणार. भोसकलेल्या स्वाराच्या नाण्यावर त्याने आधी घोडा पाहिला. “घोड्याचे पुढचे पाय दुमडलेत बघ. ज्याने हे कोरलं त्याने पडणारा घोडा जवळून पाहिलेला आहे. राजा मात्र त्याने पाहिलेला नाही; सगळे राजे एकाच चेहऱ्याचे काढलेत.” भोवतीची अक्षरं तिने वाचून दाखवली, सुखाचे दिवस परत आले. मॉसी हसला नाही. म्हणाला, “आमच्या कंपनीने बसच्या अंगावर ‘आता अधिक चांगली सेवा’ असं रंगवलं होतं. त्याच वर्षी दोन मार्ग बंद केले.”

सुलेखाने ते नाणं पुन्हा हातात घेतलं. यादीशी जुळवून तिने ते केव्हाच बाजूला ठेवलेलं होतं. आता तिने भिंगातून त्या पडणाऱ्या माणसाचं तोंड पाहिलं. नखाच्या चंद्राएवढं तोंड, त्यात दोन खाचा डोळ्यांच्या, आणि वर केलेला एक हात. वाचवा म्हणून वर केलेला की तोल जाऊन, ते कळत नव्हतं. कारखान्यात त्या आठवड्यात तिच्या हाताखालची एक मुलगी आजारी पडून घरी होती, आणि फलकावर लिहिलेलं होतं, ‘सारे मिळून सुरक्षित’. सुलेखाने नाणं पुसून ठेवलं आणि घरात जाऊन त्या मुलीला फोन केला.

जानेवारी वाईट गेला. गावात तीन मयती झाल्या. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी, म्हणून बाकीचं गाव रस्त्याच्या कडेला अंतर राखून उभं राहायचं आणि शवपेटीची गाडी पुढून जायची. सुलेखाही उभी राहिली. मॉसीने आपल्या दारातून टोपी काढली. मार्चमध्ये त्याला लस मिळाली, आणि दुसऱ्या डोसानंतर पंधरवड्याने तो पहिल्यांदा त्यांच्या घरात जेवायला आला. वरणभात, बटाट्याची भाजी. बटाटे दुकानातले असल्याबद्दल त्याने नापसंती दाखवली आणि दोनदा वाढून घेतली.

ऑगस्टमध्ये गावाच्या वारसा आठवड्यात काय करायचं याची चर्चा निघाली, आणि कुणीतरी चेष्टेने म्हटलं, सीझरला बोलवा. मॉसी म्हणाला, येतो. विषय त्यानेच दिला: पॅसेज वेस्टला न आलेले रोमन. गावातल्या खेळांच्या क्लबच्या मैदानावर खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. मॉसीने बटाट्यांपासून सगळं सांगितलं, करप्यासकट, आणि नाणी एका ताटात फिरवली. सुलेखा शेजारी उभी होती, तो चुकला की दुरुस्त करायला. तो वारंवार चुकला. लोकांना दुरुस्त्याही आवडल्या.

शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. त्यांचा प्रश्न सुलेखाला होता. “मग ते इथे खरंच कधी आलेच नाहीत?”

“सैन्य घेऊन नाहीत,” सुलेखा म्हणाली. “देशात काही ठिकाणी त्यांची नाणी सापडली आहेत. व्यापारी आले असतील, किंवा इथलेच कुणी तिकडून घेऊन आले असतील. पण राज्य करायला कुणी आलं नाही.”

“का नाही आले?”

“नक्की माहीत नाही.”

बाईंनी वर आभाळाकडे पाहिलं. पावसाला सुरुवात झालीच होती. “मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि छत्री उघडली.